मोबाइलवर नेट आहे, वायरीवर नाही: खाऱ्या हवेतल्या घरांचा नेहमीचा बिघाड

आधी लक्षणं बघा. वायफायवर मोबाइल नीट चालतात, पण त्याच राउटरला वायरीने जोडलेला कॉम्प्युटर, टीव्ही किंवा कॅमेऱ्यांचा डीव्हीआर (चित्रण साठवणारा डबा) मधूनच नेट सोडतो. पाच-दहा मिनिटांनी आपोआप येतं, किंवा वायर काढून परत लावली की येतं. वायरीला धक्का लागला की जातं. पावसाळ्यात रोज, मे महिन्यात क्वचित. लाईट जाऊन आली की मोबाइलला नेट मिळतं आणि कॉम्प्युटरला मिळत नाही. प्लॅन दोनशे एमबीपीएस वेगाचा, पण वायरीवर वेग शंभराच्या आतच अडकतो. यातलं काहीही जुळत असेल तर पुढे वाचा.

घरात कशावरच नेट नसेल आणि फायबरच्या डब्यावरचा 'लॉस' लिहिलेला दिवा लाल असेल, तर बिघाड बहुधा घराबाहेरच्या तारेत आहे. कंपनीला फोन करा. घरात काही उघडायची गरज नाही.

मालवण, देवगड, वेंगुर्ला या पट्ट्यात माझं दुरुस्तीचं काम चालतं आणि तक्रार बहुधा एकाच वाक्यात येते: "मोबायलार चलता, कम्प्युटरार नाय." हे खरं असेल तर निम्मं निदान तिथेच होतं. बाहेरून नेट घरापर्यंत येतंय, राउटर काम करतोय, म्हणजे दोष राउटरच्या लॅन पोर्टपासून (वायर लावायच्या खाचेपासून) तुमच्या यंत्रापर्यंतच्या टप्प्यात आहे. आणि समुद्राजवळच्या घरांत हा टप्पा सगळ्यात जास्त वेळा एकाच जागी दगा देतो, प्लगच्या आठ बारीक पिनांवर. लोक मात्र सुरुवात करतात ती सेटिंग बदलण्यापासून.

त्यातही एक गोष्ट अजिबात करू नका. राउटरच्या मागे टाचणी जाईल एवढं भोक असतं, आत रिसेटचं बटण. ते दाबून धरलं की राउटर कोरा होतो. बऱ्याच फायबर कनेक्शनमध्ये कंपनीने भरलेलं युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅनचा (कंपनीच्या जोडणीच्या ओळखीचा) आकडा त्या डब्यातच असतो. तो पुसला गेला की वायरीचं नेट येत नाहीच, वर चालू असलेलं वायफायही जातं आणि कंपनीचा माणूस येईपर्यंत घर बंद. बंद-चालू करणं वेगळं, रिसेट करणं वेगळं.

मोबाइल खरंच वायफायवर आहे का?

पहिली तपासणी फुकट आहे. मोबाइल डेटा बंद करा, फक्त वायफाय चालू ठेवा आणि मग एखादा व्हिडिओ लावा. हल्लीचे फोन वायफाय गेलं की गुपचूप मोबाइल डेटावर सरकतात आणि वर कळूही देत नाहीत. त्यामुळे "मोबाइलवर चालतंय" हे पुष्कळदा खरं नसतं. विहिरीवरचा पंप सुरू झाला की क्षणभर व्होल्टेज खाली येतं, राउटर बंद होऊन परत सुरू होतो, दोन-तीन मिनिटं घरात नेटच नसतं. ते कळतं फक्त कॉम्प्युटरवर बसलेल्याला. अशा घरात वायर बदलून काही होणार नाही, दोष विजेचा आहे. त्याबद्दल पुढे लिहिलंय.

याच वेळी एक सवय लावून घ्या. नेट गेलं की भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात वेळ लिहायची आणि पुढे एक शब्द: पाऊस, लाईट, पंप, पाहुणे. आठवडाभराच्या नोंदी बघितल्या की दोष कुठल्या बाजूला आहे ते तुमचं तुम्हालाच दिसतं, आणि उद्या माणूस बोलवावा लागला तर त्याचाही वेळ वाचतो.

पोर्टजवळचा दिवा

वायर जिथे जाते त्या पोर्टच्या कडेला बारीक दिवा असतो. काही राउटरवर तो पुढच्या बाजूला 'लॅन १', 'लॅन २' असा असतो. कॉम्प्युटरच्या पोर्टलाही असतो. नेट गेलेलं असतानाच हा दिवा बघायचा. परत आल्यावर बघून उपयोग नाही.

दिवा विझलेला असेल तर दोन यंत्रांमधला विजेचा संपर्कच तुटलाय. दोष वायर, प्लग नाहीतर पोर्टचा, सेटिंगकडे बघूसुद्धा नका. दिवा लुकलुकतोय आणि तरी नेट नाही, तर संपर्क आहे पण पत्त्यांचा घोळ झालाय, म्हणजे राउटर प्रत्येक यंत्राला जो आकडी आयपी पत्ता देतो त्याचा. मग पुढचा 'दिवा लागलाय, तरी नेट नाही' हा भाग वाचा. तिसरा प्रकार आमच्याकडे सगळ्यात जास्त: दिवा काही सेकंद लागतो, विझतो, परत लागतो. म्हणजे आठपैकी एखादी तार कधी टेकते, कधी टेकत नाही. दिव्याचा रंग हिरवा की नारिंगी याला महत्त्व देऊ नका, त्याचा अर्थ कंपनीगणिक बदलतो.

बंद-चालू करण्याचा क्रम

सगळे करतात, पण क्रम उलटा करतात. आधी कॉम्प्युटर बंद, मग मध्ये नेटवर्कचा स्विच (एका वायरीच्या अनेक वायरी करणारा डबा) असेल तर तो, मग राउटर. अर्धा मिनिट थांबायचं. आता राउटर एकटाच चालू करायचा आणि त्याचे सगळे दिवे स्थिर होईपर्यंत दोन-तीन मिनिटं जाऊ द्यायची. मग स्विच, शेवटी कॉम्प्युटर.

कारण असं. लाईट येते तेव्हा कॉम्प्युटर, टीव्ही आणि राउटर एकदमच सुरू होतात. कॉम्प्युटर लवकर तयार होतो आणि राउटरकडे पत्ता मागतो, पण राउटर अजून जागा झालेला नसतो. उत्तर आलं नाही की विंडोज स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा एक पत्ता घेऊन बसतं. त्या पत्त्यावर इंटरनेट मिळत नाही. विंडोज साधारण पाच मिनिटांनी परत विचारतं, म्हणूनच "आपोआप आलं" असं वाटतं. काही टीव्ही आणि डीव्हीआर मात्र एकदा विचारून गप्प बसतात आणि तुम्ही बटण दाबेपर्यंत तसेच राहतात.

दर वेळी लाईट गेल्यावरच हा त्रास होत असेल तर राउटरसाठी छोटा १२ व्होल्टचा यूपीएस घेऊन टाका. घेण्याआधी राउटरच्या अडॅप्टरवर छापलेले व्होल्ट आणि ॲम्पिअर वाचून जा. आणि अडॅप्टर बिघडला म्हणून सेटटॉप बॉक्सचा किंवा जुन्या स्पीकरचा अडॅप्टर लावू नका. पिन बसली म्हणजे जुळलं असं नसतं. व्होल्ट तेवढेच हवेत, ॲम्पिअर तेवढे किंवा जास्त, आणि धन-ऋण तसंच. जुना झालेला अडॅप्टर दिवे लावण्यापुरती वीज देतो, पण ताण आला की राउटरला झेपत नाही. हात लावल्यावर चटका बसण्याइतका तो तापत असेल तर आजच बदला.

पोर्ट बदला, मग वायर बदला

राउटरला बहुधा चार, कधी दोन लॅन पोर्ट असतात. वायर शेजारच्या पोर्टमध्ये लावून एक दिवस बघा. पहिला पोर्ट मेला असेल आणि बाकीचे चांगले असतील तर राउटर बदलायची घाई नाही. मेलेल्या पोर्टवर चिकटपट्टी लावून ठेवा, म्हणजे साफसफाईत कोणी परत तिथेच वायर लावणार नाही. 'वॅन' लिहिलेला किंवा वेगळ्या रंगाचा पोर्ट मात्र सोडा, तो बाहेरून येणाऱ्या नेटसाठी असतो.

नंतर दुकानातून दीड-दोन मीटरची कारखान्यात प्लग बसवलेली पॅच कॉर्ड आणा, शे-दीडशे रुपयांत मिळते. लॅपटॉप राउटरजवळ न्या, त्याचं वायफाय बंद करा आणि ही नवी वायर थेट जोडा. लॅपटॉपला लॅन पोर्ट नसेल तर कोणाकडून तरी यूएसबीचा अडॅप्टर मागून आणा. तासभर नेट टिकलं तर राउटर निर्दोष, दोष जुन्या वायरीत किंवा कॉम्प्युटरमध्ये. तिथेही गेलं तर राउटर किंवा त्याची वीज. शे-दीडशे रुपयांत अर्धं घर संशयातून बाद होतं, म्हणून सेटिंगच्या कितीतरी आधी मी हे करतो.

प्लगकडे नीट बघा

आता मुख्य जागा. राउटर आणि कॉम्प्युटर बंद करा, वायर काढा आणि मोबाइलचा टॉर्च प्लगच्या तोंडावर धरा. आठ सोनेरी रेघा ओळीने दिसल्या पाहिजेत, सगळ्या सारख्या चकचकीत. आजारी प्लगमध्ये दोन-तीन रेघा मंद तपकिरी झालेल्या असतात, कडेला हिरवट ठिपका किंवा पांढरी पूड असते. तसंच पोर्टच्या आत बघा: आठ स्प्रिंगच्या तारा एका उंचीवर असायला हव्यात. एखादी खाली दबून राहिली असेल तर ती प्लगला टेकत नाही.

हे होतं ते हवेतल्या मिठामुळे. वाऱ्याबरोबर येणारे मिठाचे कण सगळीकडे बसतात. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की हा कण हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतो, आणि जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवा बहुतेक त्याच्या वरच असते. म्हणजे पिनेवर अक्षरशः खारं पाणी बसलेलं असतं. पिनेवर सोन्याचा मुलामा असतो, त्याखाली निकेल, त्याखाली तांब्याचा मिश्रधातू. स्वस्त प्लगमध्ये सोनं इतकं पातळ असतं की त्याच्या सूक्ष्म भोकांतून खारं पाणी खाली उतरतं आणि तांबं हिरवं पडतं. कॅमेऱ्याला वायरीतूनच वीज देणारी पीओई जोडणी असेल तर हे आणखी झपाट्याने होतं, कारण त्या ओल्या पिनांमध्ये पन्नासच्या आसपास व्होल्ट सतत असतात. अंगणातल्या कॅमेऱ्याचा प्लग आधी जातो आणि घरातला टिकतो, त्याचं कारण हेच.

साफ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं. जुन्या मऊ टूथब्रशने पिनांच्या दिशेने घासा, आडवं नको. पोर्टमध्ये ब्रश हलक्या हाताने फिरवा, तारा वाकतील. दहा-पंधरा मिनिटं वाळू द्या, मग प्लग चार-पाचदा आत-बाहेर करा, त्या घासण्यानेही थर निघतो. सँडपेपर लावू नका, उरलंसुरलं सोनं जातं. रॉकेल नको, टूथपेस्ट नको. एका घरात तर प्लगला खोबरेल चोपडलेलं होतं. नेट आलं नाही, मुंग्या मात्र आल्या.

मुंग्यांवरून आठवलं. न वापरलेले पोर्ट उघडे ठेवू नका. कुंभारीण माशीला तेवढं भोक मातीचं घर करायला पुरतं आणि ती माती पिनांमध्ये घट्ट बसते. पोर्टचे रबरी बूच मिळतात. नाही मिळाले तर कागदाचा बोळा करू नका, तो ओल धरतो. साधी चिकटपट्टी लावा.

प्लगची वरची जीभही तपासा. लावताना 'टक्' आवाज आला पाहिजे. जीभ तुटली असेल तर प्लग आत बसल्यासारखा दिसतो पण किंचित मागे सरकलेला असतो, आणि पंख्याच्या वाऱ्यानेसुद्धा नेट जातं. साफ करूनही आठवडाभरात हिरवं परत आलं तर गंज आत तारेपर्यंत पोचलाय. मग तो प्लग कापायचाच.

दिवा लागलाय, तरी नेट नाही

इथे कीबोर्डला हात लावायचा. विंडोजमध्ये सीएमडी (कमांड लिहायची काळी खिडकी) उघडा आणि आयपीकॉन्फिग (ipconfig) ही कमांड द्या, कमांड अर्थातच इंग्रजी लहान अक्षरांत. आयपीव्ही-४ च्या ओळीत पत्ता दिसेल आणि डिफॉल्ट गेटवेच्या ओळीत राउटरचा पत्ता, बहुधा १९२.१६८.१.१.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून पत्ता मिळालेला नाही. वर सांगितलेल्या क्रमाने बंद-चालू करा. तरीही तोच येत असेल तर दिवा लागूनसुद्धा वायर खराब आहे असं समजा. पत्ता बरोबर वाटत असेल तर आधी गेटवेला पिंग करा, म्हणजे त्याच खिडकीत ping आणि पुढे पत्ता लिहून उत्तर येतं का बघा, मग ८.८.८.८ ला. गेटवेकडून उत्तर नाही तर घोळ घरातच. गेटवे उत्तर देतो पण ८.८.८.८ देत नाही, तर राउटरच्या पलीकडे. दोन्ही उत्तर देतात आणि तरी वेबसाइट उघडत नाही, तर घोळ डीएनएसचा, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचा. कॉम्प्युटरच्या नेटवर्क सेटिंगमध्ये तिथे ८.८.८.८ किंवा १.१.१.१ घाला, दोन मिनिटांचं काम.

पण मोबाइलचा पत्ता १९२.१६८.१ ने आणि कॉम्प्युटरचा १९२.१६८.० ने सुरू होत असेल, तर घरात दुसरा राउटर शिरलाय. गणपतीत हे हमखास होतं. चाकरमानी येतात, माडीवर वायफाय पोचत नाही म्हणून पुतण्या मुंबईहून जुना राउटर घेऊन येतो आणि लॅनमधून लॅनमध्ये जोडतो. वायफाय पोचतं, सगळे खूश. पण आता पत्ते वाटणारे दोघे झाले. कॉम्प्युटरच्या प्रश्नाला जो आधी उत्तर देईल त्याचा पत्ता मिळतो, म्हणून नेट कधी असतं, कधी नसतं, आणि आरत्या संपून पाहुणे गेले तरी राउटर तिथेच राहिलेला असतो. तो काढून बघा. हवाच असेल तर त्याचा डीएचसीपी (पत्ते वाटायचं काम) बंद करा आणि त्याचा स्वतःचा पत्ता मुख्य राउटरहून वेगळा, म्हणजे १९२.१६८.१.२ असा द्या. त्यात 'ॲक्सेस पॉइंट' नावाचा मोड असेल तर तो निवडणं सगळ्यात सोपं.

याच सणाच्या साफसफाईत आणखी एक प्रकार होतो. स्विचमधून लोंबणारं एक टोक दिसतं, कोणीतरी नीटनेटकेपणा म्हणून ते रिकाम्या पोर्टमध्ये लावतं, आणि त्या वायरीचं दुसरं टोकही त्याच स्विचमध्ये असतं. साध्या स्विचमध्ये संदेश त्या वेढ्यात गरगर फिरत राहतात, सगळे दिवे एकदम वेड्यासारखे लुकलुकतात आणि घरातलं सगळंच नेट जातं, वायफायसुद्धा. प्रत्येक वायर दुसऱ्या टोकापर्यंत हाताने चाचपत जा.

कॅमेरे बसवणाऱ्याने डीव्हीआरला कायमचा पत्ता देऊन ठेवलेला असतो आणि राउटर तोच पत्ता नकळत दुसऱ्या कोणाला तरी देतो. मग कॅमेरे चालू असले की कॉम्प्युटर पडतो, किंवा उलट. डीव्हीआर तासभर बंद ठेवून बघा. तेच निघालं तर राउटरमध्ये डीव्हीआरचा पत्ता राखून ठेवता येतो, कॅमेरेवाल्याकडूनच करून घ्या.

कॉम्प्युटर काही वेळ नुसता पडून राहिल्यावरच नेट जात असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अडॅप्टर उघडा, पॉवर मॅनेजमेंटमध्ये जा आणि वीज वाचवायला हे उपकरण बंद करायची परवानगी देणारी खूण काढा. तिथेच ॲडव्हान्स्डमध्ये 'एनर्जी एफिशियंट इथरनेट' असेल तर तेही बंद.

ॲडव्हान्स्डमध्येच 'स्पीड अँड डुप्लेक्स' असतं. चाचणीपुरतं ते १०० एमबीपीएसवर ठेवा. दिवा लागणं-विझणं थांबलं तर वायरीतली निळी किंवा तपकिरी जोडी गेलीय. १०० च्या वेगाला आठपैकी चारच तारा लागतात, गिगाबिटला (हजार एमबीपीएसला) आठही. दोन्ही यंत्रं गिगाबिटचं ठरवतात, उरलेल्या जोड्या साथ देत नाहीत, जोडणी तुटते, परत ठरवतात. काही यंत्रं शहाणपणाने शंभरावर उतरतात, वेग शंभराखाली अडकतो तो त्यामुळे. चाचणी झाली की परत ऑटोवर आणा. तसंच ठेवलं तर राउटरशी मेळ न बसल्याने नेट रखडत चालतं.

प्लग नवा बसवणं

इथून पुढे हत्यार लागतं. क्रिंपिंग टूल (प्लग वायरीवर दाबून बसवायचा चिमटा) आणि साधा केबल टेस्टर स्वतःचा घेतला तर चालतो, पण एकाच वायरीसाठी घेण्यापेक्षा दुकानात सांगितलेलं बरं. स्वतः करणार असाल तर जुन्या प्लगच्या मागे निदान वीतभर वायर कापा आणि आतलं तांबं बघा. लालसर चकचकीत असेल तर पुढे जा. काळपट असेल तर आणखी कापा. ब्लेडने तार हलकी खरवडल्यावर आत पांढरी निघाली तर ती तांब्याची नाहीच, वरून तांबं फासलेली ॲल्युमिनियमची आहे. बाजारात ती सीसीए म्हणून मिळते, वजनाला हलकी, भावाला निम्मी. खाऱ्या हवेत तिच्यावर कितीही प्लग मारा, परत जाणार. तिथे थांबा आणि शुद्ध तांब्याची कॅट-६ वायर घ्या.

रंगांचा क्रम, प्लगची जीभ खाली आणि तोंड पलीकडे धरून, डावीकडून: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच. जोड्यांचा पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडू नका. बाहेरचं आवरण प्लगच्या आत दाबलं गेलं पाहिजे, नाहीतर ओढ थेट तारांवर येते. प्लग घेताना पन्नास मायक्रोइंच सोन्याचे मागा. किमतीत फरक चार-पाच रुपयांचा पडेल, पण किनाऱ्यावर तोच फरक दोन पावसाळे जास्त काढतो.

घरापासून खोल्यांपर्यंत गेलेली वायर

होमस्टे वाढले तशा मुख्य घरातून मागच्या खोल्यांपर्यंत, पोफळीतून नेलेल्या वायरीही वाढल्या. यांची तऱ्हा वेगळी. घरात वापरायची राखाडी वायर उन्हात दोन वर्षांत तडकते. त्या चिरेतून पाणी आत शिरतं आणि आवरणाच्या आतून, केशाकर्षणाने, थेट राउटरच्या प्लगपर्यंत येतं. बाहेरून वायर कोरडी आणि प्लगमधून थेंब, हे बघितल्याशिवाय पटत नाही. जांभ्याच्या भिंतीतून ती जिथे आत येते तिथे भोक बाहेरच्या बाजूला उतरतं हवं आणि आत शिरण्याआधी वायरीला खाली झोळ द्यायला हवा, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी गळून जातं. बाहेरसाठी काळी, जेल भरलेली वायर मिळते. एका तुकड्यात लांबी १०० मीटरच्या आत ठेवा, मध्ये पीळ मारून इन्सुलेशन टेपचा सांधा तर मुळीच नको.

माडाला वायर बांधू नका. माड वाऱ्यात झुलतो, वायर प्रत्येक झोक्याला ताणली जाते, आणि तारा आवरणाच्या आत तुटतात, बाहेर काही दिसत नाही. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळानंतर घाईघाईत माडांना बांधलेल्या वायरी मी अजून सोडवतोय. खारी आणि घुशी तर आहेतच. जमिनीतून नेलीत तर पाइपातून न्या, आणि विजेच्या वायरीच्या पाइपातून नव्हे.

दोन इमारतींमध्ये तांब्याची वायर असली की मेच्या शेवटी आणि ऑक्टोबरात विजा सुरू झाल्या की पोर्ट जळतात. वीज थेट पडावी लागत नाही, जवळपास पडली तरी लांब वायरीत लाट उठते. म्हणून दोन इमारतींमध्ये मी आता फायबर आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची वायर जोडणारा डबा) असंच सुचवतो. काचेतून वीज जात नाही. ते होईपर्यंत गडगडाट सुरू झाला की राउटरचा नुसता स्विच बंद करून भागत नाही, वायरही काढून ठेवा.

इथे थांबा, माणूस बोलवा

कॉम्प्युटरच्या लोखंडी डब्याला किंवा प्लगच्या धातूला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर नेट विसरा. घराचं अर्थिंग नाही किंवा तुटलंय. आधी वायरमन, मग बाकी सगळं. करपल्याचा वास, वितळलेला अडॅप्टर, विजेच्या रात्रीनंतर एकाहून जास्त पोर्ट मेलेले: राउटर सॉकेटमधून काढा आणि परत लावू नका.

फायबरची बारीक पिवळी किंवा पांढरी तार वाकलेली, तुटलेली दिसली तर जोडायचा प्रयत्न नको, त्याला स्प्लायसिंग मशीन (काचेची टोकं वितळवून जोडणारं यंत्र) लागतं. तिच्या टोकात डोळा लावून तर कधीच बघू नका. आतला लेझर डोळ्याला दिसत नाही, पण इजा करू शकतो. राउटरच्या सेटिंगच्या पानावर ऑप्टिकल पॉवर (फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाची ताकद) दिसत असेल आणि आकडा उणे २७ च्या पलीकडे, म्हणजे उणे २८, २९ असा असेल, तर बाहेरची लाइन कमजोर आहे. घरात कितीही वायरी बदला, फरक पडणार नाही. खांबावर चढणं आणि महावितरणच्या तारेला टेकलेली केबल काठीने सोडवणं, ही कामं तुमची नाहीत आणि माझीही नाहीत.

नवी छोटी वायर, दुसरा लॅपटॉप, दुसरा पोर्ट, चांगला अडॅप्टर, एवढं करूनही नेट जात असेल तर राउटर गेला. तो कंपनीचा असेल तर उघडू नका, बदलून मागा. फोनवर "नेट चालत नाही" एवढंच सांगितलंत तर ते लांबून लाइन तपासतात, लाइन चांगली निघते आणि तक्रार बंद होते. त्याऐवजी सांगा: वायफाय चालू आहे, लॅनच्या अमुक पोर्टला दिवा टिकत नाही, दुसरी वायर आणि दुसरा लॅपटॉप लावून बघितला. तक्रार क्रमांक कॅलेंडरवरच लिहून ठेवा. आणि नवा डबा बसवायला माणूस आला की वायफायचं नाव आणि पासवर्ड जुनेच ठेवायला सांगा, नाहीतर तो गेल्यावर टीव्ही, कॅमेरे आणि सगळ्या खोल्यांतले फोन पुन्हा जोडत बसावं लागेल.